चौलचे चिरे आणि कोर्लईची गव्हाण

कलेचा इतिहास लिहिणारांची एक जुनी खोड आहे. एखादें देऊळ, मशीद किंवा ख्रिस्तमंदिर दृष्टीस पडलें कीं तें कोणीं बांधविलें हें ते आधीं विचारतात. तें कोणीं बांधलें हा प्रश्न त्यांना क्वचितच सुचतो. ‘बांधविणें’ आणि ‘बांधणें’ ह्या दोन क्रियापदांत आमच्या मराठीनें जो भेद सहज राखला आहे, तो इतिहासकारांनीं बहुधा पुसून टाकला आहे. शिलालेखांत नांव यावयाचें तें बांधविणाराचें. ज्यानें चिरा घडविला, लांकूड तासलें, चुना मळला, त्याचें नांव कोरण्याची चाल आमच्याकडे फारशी नव्हती. आणि ह्या दोघांच्याही मागें उभा असलेला एक तिसरा वर्ग आहे. त्यानें त्या मंदिरांत पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकले, मेणबत्त्या लावल्या, सणावारीं तें शृंगारलें. तो तर इतिहासाच्या खिजगणतींतही नसतो. प्रस्तुत लेखांत ह्या तिसऱ्या वर्गाविषयीं चार शब्द लिहावे असा आमचा विचार आहे. त्यासाठीं आम्हीं निवडलेलें स्थळ म्हणजे कुंडलिका नदीच्या मुखावर समोरासमोर वसलेलीं दोन गांवें, रेवदंडा आणि कोर्लई.

ज्या जिल्ह्यांत हीं गांवें आहेत त्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. त्या सालापासून तो रायगड झाला. परंतु चौलचें नांव ह्या दोन्ही नांवांपेक्षां कितीतरी जुनें आहे. टॉलेमीच्या भूगोलांत येणारें सिमुल्ला व अरब प्रवाशांचें सैमूर हें चौलच होय असें विद्वानांचें मत आहे. रशियन व्यापारी अफनासी निकितिन हा १४६९ च्या सुमारास हिंदुस्थानच्या भूमीवर उतरला तो ह्याच बंदरांत. १५०८ सालीं येथील खाडीच्या मुखाशीं मिसरच्या आरमाराशीं पोर्तुगीजांची लढाई झाली, आणि तींत पहिल्या व्हाइसरॉयाचा तरुण मुलगा लोरेन्सु द आल्मैद मारला गेला. पुढें १५२१ मध्यें अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीनें पोर्तुगीजांनीं रेवदंड्यास किल्ला बांधण्यास आरंभ केला. १५७०-७१ मध्यें मुर्तजा निजामशहानें त्याला दीर्घ वेढा दिला, परंतु तो किल्ला पडला नाहीं. १५९४ मध्यें खाडीपलीकडील कोर्लईचा डोंगरही पोर्तुगीजांच्या हातीं आला, आणि मग सुमारें दीड शतक खाडीचीं दोन्ही तोंडें त्यांच्या ताब्यांत राहिलीं.

ह्या काळांत रेवदंड्याच्या तटाच्या आंत किती ख्रिस्तमंदिरें उभीं राहिलीं हें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. नगराचें मुख्य मंदिर निराळें. शिवाय फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन ह्या चारही पंथांचे मठ व त्यांचीं मंदिरें. डॉ. जर्सन द कुन्हा ह्यांनीं १८७६ सालीं चौल व वसई ह्यांच्या इतिहासावर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यांत ह्या अवशेषांची हकीकत आली आहे; पुढें १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरांतही ती आली. फ्रान्सिस्कनांच्या मंदिराचा उंच मनोरा लोक ‘सातखणी’ म्हणून ओळखतात. बाकीच्या मंदिरांच्या भिंती नारळी-पोफळीच्या वाड्यांत अर्ध्यामुर्ध्या उभ्या आहेत. कोठें कमान, कोठें कोनाडा, कोठें नुसता चौथरा. वडाच्या व पिंपळाच्या मुळांनीं चिऱ्यांना असा विळखा घातला आहे कीं भिंतीला झाडानें धरून ठेवलें आहे कीं झाडाला भिंतीनें, हें सांगणें कठीण व्हावें.

आतां आमचा मूळ प्रश्न. हीं मंदिरें बांधविलीं कोणीं हें उघड आहे: राजाच्या तिजोरीनें, पंथांच्या मठाधिपतींनीं, श्रीमंत व्यापाऱ्यांनीं व मृत्यूपूर्वीं आत्म्याच्या शांतीसाठीं दान करून ठेवणाऱ्या सरदारांनीं. परंतु तीं बांधलीं कोणीं? नकाशे युरोपांतून आले असतील, देखरेख करणारे पाद्री तिकडचे असतील. पण हजारों चिरे घडविणारे पाथरवट, छपराचे वासे बसविणारे सुतार व भिंतींना चुन्याचा गिलावा देणारे गवंडी जहाजांत भरून लिस्बनहून आणणें कोणत्याही राजाला परवडणारें नव्हतें. चौल हें तर कारागिरांचेंच गांव होतें. तेथील रेशमी कापडाची कीर्ति परदेशीं प्रवाशांनीं वारंवार गाइली आहे.

ह्या बाबतींत अनुमानावर विसंबून राहण्याचेंही कारण नाहीं. १५६७ सालीं गोव्यास धर्मगुरूंची पहिली प्रांतिक परिषद भरली. तिनें ख्रिस्त्यांना असें बजावलें कीं ख्रिस्ती मूर्ति, चित्रें व उपासनेच्या वस्तु ह्यांचें काम त्यांनीं ख्रिस्तेतर कारागिरांकडून करवूं नये. इतिहासाच्या अभ्यासकाला मनाईहुकुमासारखा प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाहीं. जें कोणी करीतच नाहीं त्याची मनाई कोण करील? हुकूम निघाला ह्याचाच अर्थ असा कीं ख्रिस्ताची व मेरीची मूर्ति हिंदु सुताराच्या व सोनाराच्या हातून घडत होती आणि ख्रिस्ती घरांत ती पूजिली जात होती. त्या हुकुमानंतरही ती घडत राहिली, ह्याचा पुरावा त्या कृतींच्या अंगावरच आहे. गोव्याच्या कित्येक मंदिरांतील लांकडी व्यासपीठांच्या खालीं नागकन्यांच्या आकृति कोरलेल्या आढळतात. हस्तिदंताच्या ज्या लहान मूर्तींना ‘उत्तम मेंढपाळ’ म्हणतात, त्यांत बालख्रिस्त एका खडकाच्या शिखरावर मांडी घालून, डोळे मिटून, हातावर गाल टेकून बसलेला असतो. त्याची ती मुद्रा पाहून ध्यानस्थ बुद्धाची किंवा बाळकृष्णाची आठवण ज्याला होणार नाहीं असा हिंदी मनुष्य विरळा. ह्या मूर्ति आज लिस्बनच्या व लंडनच्या संग्रहालयांत आहेत; आणि आपल्याकडील असल्या वस्तूंसाठीं गोव्यास १९९४ पासून स्वतंत्र संग्रहालय आहे.

जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस मंदिरांत तर हा भेद एकाच ठिकाणीं एकावर एक रचून ठेवलेला दिसतो. चौललाही येऊन गेलेले संत फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्यें चीनच्या किनाऱ्याजवळ वारले. त्यांचा देह ज्या चांदीच्या पेटींत ठेवला आहे, ती १६३६-३७ च्या सुमारास गोव्याच्या रुपेकारांनीं घडविली. त्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनें फ्लॉरेन्सहून पाठविला; तो १६९८ मध्यें तेथें बसविण्यांत आला. चौथऱ्याच्या शिल्पकाराचें नांव जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी हें कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकांत सांपडतें. वरच्या पेटीवर महिनेन्‌महिने ठोकणी चालविणाऱ्या रुपेकारांचें नांव मात्र यात्रेकरूंपैकीं कोणाच्या तोंडीं नाहीं. खालचा दगड नांवाचा, वरची चांदी बिननांवाची!

येथपर्यंत वाचून एखादा चिकित्सक वाचक म्हणेल: ‘मजुरी घेऊन केलेल्या कामाला तुम्ही लोककला कशी म्हणतां? रुपेकारानें पैसे घेतले, पेटी दिली. त्यांत समाजाचा संबंध काय?’ हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. हात येथला होता एवढ्यावरून मनही येथलें होतें असें सिद्ध होत नाहीं. शिवाय ‘समाज’ हा शब्द जितका गोड वाटतो तितका तो निर्मळ नसतो. गोव्यांतील गांवकऱ्यांचें जें उत्पन्न पूर्वीं गांवच्या देवळांकडे जात असे, तेंच देवळें पाडल्यानंतर ख्रिस्तमंदिरांकडे वळविण्यांत आलें; तें सगळें आपखुशीनें झालें असें कोणी म्हणणार नाहीं. मंदिरांतील उत्सव चालविणाऱ्या ज्या बंधुमंडळ्या होत्या, ज्यांना तेथें ‘कोन्फ्रारी’ म्हणतात, त्यांतही जातीचे भेद जसेच्या तसे राहिले. कोणत्या मंडळीनें कोणता सण करावा, मिरवणुकींत कोणीं कोठें चालावें, ह्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले. तेव्हां राजाच्या कलेहून लोकांची कला सर्वस्वीं निराळी व निष्पाप, असा भोळा समज आम्हांस पसरवावयाचा नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं आश्रयदात्याची कला कोणती व लोकांची कोणती हें ओळखण्याची एक कसोटी आहे, आणि ती कसोटी चौलच्या इतिहासानें आपोआप लावून दाखविली आहे. आश्रयदाता निघून गेल्यावर काय उरतें, ती ही कसोटी.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांच्या सैन्यानें वसई घेतली. त्याच सालीं कोर्लईचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला, आणि १७४० च्या सप्टेंबरांतील तहानें रेवदंड्यासह चौलचें ठाणें पोर्तुगीजांनीं कायमचें सोडलें. सैन्य गेलें, अंमलदार गेले, मठ ओस पडले, ज्यांना गोव्यास किंवा अन्यत्र जाणें परवडत होतें ते तिकडे गेले. कोंकणपट्टींतील ख्रिस्तमंदिरांच्या मोठमोठ्या घंटा मराठे सरदारांनीं विजयचिन्हें म्हणून नेल्या व आपल्या देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा प्रसिद्धच आहे. तिच्यावर १७२१ हें साल आहे. एका देवाच्या घरांतून निघालेली ती घंटा दुसऱ्या देवाच्या घरांत गेली आणि तिचा आवाज होता तोच राहिला. परंतु घंटा उचलून नेतां येते, भिंत नेतां येत नाहीं. रेवदंड्याच्या भिंती जागच्या जागीं पडूं लागल्या. ज्यांनीं त्या बांधविल्या ते गेले. ज्यांनीं बांधल्या त्यांना त्या डागडुजी करण्याइतक्या आपल्या कधींच वाटल्या नव्हत्या. दोन शतकांचें वैभव एका पावसाळ्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यांत वाहून गेलें. ह्यांत मराठ्यांचा दोष काढण्याचें कारण नाहीं. सागरी किनाऱ्यावरचा पाऊस हा कोणत्याही सेनापतीहून अधिक चिकाटीनें वेढा देतो.

आणि तरीही सगळेच गेले नाहींत. ज्यांना जाण्याला जागा नव्हती व नेण्याला सामान नव्हतें असे गरीब ख्रिस्ती शेतकरी व मजूर मागें राहिले. खाडीच्या दक्षिण तीरावर, कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशीं त्यांची वस्ती झाली. तेथें कार्मेल पर्वताच्या मातेच्या नांवाचें मंदिर आहे. कलेच्या इतिहासांत ज्याची नोंद व्हावी असें शिल्प तेथें शोधूं जाणाऱ्याची निराशा होईल. तेथें सांपडते ती निराळ्याच जातीची कृति. ती दगडाची नव्हे, तोंडच्या शब्दांची आहे.

कोर्लईचे हे ख्रिस्ती लोक घरांत एक पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. ती बोलणारांची संख्या हजाराच्या आसपासच आहे. अमेरिकन भाषापंडित क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्यांनीं तिचा सूक्ष्म अभ्यास करून १९९६ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. तिचें मर्म थोडक्यांत सांगावयाचें तर असें कीं शब्दसंग्रह बहुतांशीं पोर्तुगीज आणि वाक्याची बैठक मराठी. पोर्तुगीज भाषेंत क्रियापद वाक्याच्या मध्यें येतें. कोर्लईच्या बोलींत तें मराठीप्रमाणें शेवटीं जाऊन बसतें. ह्या बोलीला राजाश्रय नव्हता, शाळा नव्हती, लिपि नव्हती, छापखाना नव्हता. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेंहून अधिक वर्षें झालीं. तरी ती बोली उरली. चौलच्या चिऱ्यांना जें साधलें नाहीं तें आयांच्या अंगाईला साधलें.

येथें वाचकांनीं मघांच्या व्यासपीठाकडे पुन्हा एकदां वळून पाहावें. लांकडी व्यासपीठ ख्रिस्ती उपदेशाचें, पण त्याला खालून उचलून धरणारी आकृति नागकन्येची. कोर्लईच्या वाक्याचीही घडण तीच: वरचा शब्द पाद्रयानें दिलेला, आणि त्याला खालून उचलून धरणारी रचना कोंकणच्या मातीची. फरक इतकाच कीं व्यासपीठ एका सुतारानें एकदां घडविलें. वाक्य मात्र सर्व गांवानें, रोज, कोणी न सांगतां घडविलें. म्हणून ह्या बोलीला व तींत म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांना आम्ही धर्मकलेच्या इतिहासांतून वगळूं शकत नाहीं. अशिक्षित लोकांची मोडकी पोर्तुगीज असें तिला म्हणणारे पंडित पूर्वीं होते. त्यांना एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं ती मोडकी असती तर इतकी टिकली असती काय?

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार परका वाटण्याचें कारण नाहीं. आपण रोज पाव खातों, चावी फिरवितों, पगार घेतों, लिलाव पुकारतों, घमेलें उचलतों, आणि डिसेंबरांत ज्या सणाला नाताळ म्हणतों तें नांवही पोर्तुगीजच आहे. देवाणघेवाण दुसऱ्या दिशेनेंही झाली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्यें गोव्यास आला. नवख्रिस्ती लोकांनीं आपल्या जुन्या पुराणांच्या जागीं कांहीं तरी मागितलें, तेव्हां त्यानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ मराठींत रचिलें. १६१६ मध्यें तें राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. कवीचें नांव आपण आदरानें घेतों, आणि तें योग्यच आहे. पण तें काव्य ज्यांनीं मागितलें, ज्यांनीं तें मंदिरांत व घरांत वाचून-ऐकून जिवंत ठेविलें, त्यांचाही त्यांत वांटा आहे. मागणाऱ्यानें मागितलें नसतें तर देणाऱ्यानें काय दिलें असतें? ह्याच रायगडच्या किनाऱ्यावरील बेने इस्राएल मंडळींनींही पुढें १८८० च्या सुमारास बायबलांतील कथांवर मराठी कीर्तनें रचिलीं व केलीं. धर्म कोठून का आला असेना, तो ह्या किनाऱ्यावर रुजला तो येथल्या लोकांनीं त्याला आपल्या तोंडीं घातला म्हणूनच.

आतां थोडें आमच्या स्वतःविषयीं लिहिणें भाग आहे. कारण ज्या खोडीचा उल्लेख आम्हीं आरंभीं केला, ती आमच्याही अंगीं पुरेपूर होती. तीस वर्षांपूर्वीं, अध्यापनाच्या पहिल्या उमेदींत, आम्ही विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन रेवदंड्यास गेलों होतों. इंग्रजी ग्रंथांवर पोसलेलें आमचें मन. पडक्या भिंती पाहिल्या कीं साम्राज्यांचा उदयास्त आठवावा, अशी त्याला संवय. दोन दिवस आम्हीं कमानींचीं मापें घेतलीं, दरवाजावरील राजचिन्हांचे नकाशे उतरविले. शेवटच्या दिवशीं खाडी ओलांडून कोर्लईचा किल्ला चढलों, माथ्यावरील बिनछपराच्या प्रार्थनामंदिरांत उभे राहून विद्यार्थ्यांना छोटें व्याख्यानही दिलें. विषय अर्थात् पोर्तुगीजांचा ऱ्हास. उतरतांना पायथ्याच्या वाडींतून जात होतों. एक वृद्ध बाई अंगणांत भात वाळवीत होत्या. त्यांनीं हांक मारून म्हटलें, “किल्ला बघून झाला का, सर? मग आमचं देऊळपण बघा की. नाताळची तयारी चाललीय.” आम्हीं घड्याळाकडे पाहिलें, एस. टी. ची वेळ झाली होती, ‘पुढच्या वेळीं’ असें म्हणून निघालों. वहींत मेलेल्या मंदिरांचीं वीस पानें भरलीं होतीं. जित्या मंदिराची एक ओळही नव्हती.

ती पुढची वेळ यावयास फार वर्षें लागलीं. गेल्या कांहीं वर्षांपूर्वीं डिसेंबरांत पुन्हा कोर्लईस जाण्याचा योग आला तेव्हां त्या बाई भेटल्या नाहींत. त्यांचें घर कोणतें हेंही आम्हांस ओळखतां आलें नाहीं. मंदिरांत मात्र गेलों. एका बाजूस मुलांची झुंबड उडाली होती. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून त्यावर जाड कागद चुरगळून लावला होता आणि काळा-तपकिरी रंग मारून त्याचे डोंगर केले होते. भाताचा पेंढा अंथरला होता. आठ-दहा दिवस आधीं थाळ्यांत पेरलेलें धान्य उगवून हिरवेंगार झालें होतें, तें शेतें म्हणून मांडलें होतें. योसेफ, मेरी व मेंढपाळ ह्यांच्या मूर्ति बाजारांतल्याच होत्या. परंतु त्यांच्याभोंवतींचें बेथलेहेम बाजारांत मिळणारें नव्हतें. त्यांत रहाटाची विहीर होती, माड होते, कौलारू घर होतें, आणि डोंगरावर एक तट दाखविला होता तो कोर्लईच्या किल्ल्याखेरीज दुसरा कोणता असणार! एक मुलगा दुसऱ्याशीं त्यांच्या बोलींत कांहीं तरी वाद घालीत होता. एका मुलीला आम्हीं मराठींत अर्थ विचारला. ती म्हणाली, “तो म्हणतो होडी पण ठेवायची. बेथलेहेमला समुद्र नाहीये ना, सर?” आम्ही म्हटलें, नाहीं. मुलांनीं क्षणभर विचार केला, आणि होडी ठेवली.

ख्रिस्तजन्माचा असा देखावा मांडण्याची चाल असिसीच्या संत फ्रान्सिसनें १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो ह्या गांवीं लोकप्रिय केली असें सांगतात. त्याचा हेतु असा होता कीं गरीब शेतकऱ्यांना लॅटिन प्रार्थनेंत न कळणारी गोष्ट डोळ्यांनीं पाहतां यावी. त्याच फ्रान्सिसच्या नांवाचा पंथ चौलला आला, त्यानें सातखणी मनोऱ्याचें मंदिर उभारिलें, तें पडलें. त्यानें सुरू केलेली पेंढ्याची गव्हाण मात्र खाडीपलीकडे अजून मांडली जाते. ह्यांतील विरोध आम्हांस फार विचार करावयास लावितो. दगड टिकाऊ म्हणून त्याची पुन्हा घडण करावी लागत नाहीं. पुन्हा घडवावा लागत नाहीं म्हणून तो घडविण्याची विद्या विसरली जाते. आणि विद्या विसरली गेल्यावर पडलेला चिरा पुन्हा चढविणारा कोणी उरत नाहीं. गव्हाण तकलादू. जानेवारींत पेंढा गुरांपुढें जातो, कागद चुलींत जातो. म्हणूनच पुढल्या डिसेंबरांत ती पुन्हा करावी लागते, आणि मोठीं मुलें लहानांना कामट्या बांधावयास शिकवितात. आमच्या गणपतीचें मखर, दिवाळींतला मुलांचा मातीचा किल्ला, दारापुढची रांगोळी ह्यांचें रहस्य ह्याहून निराळें नाहीं.

ह्याच्या उलट टोंकाचें उदाहरण म्हणून गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेक ह्यांचें देतां येईल. १९०२ मध्यें जन्मलेल्या ह्या कलावंतानें शांतिनिकेतनांत शिक्षण घेतलें आणि पुढें आयुष्याचा मोठा भाग पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत घालविला. त्यांनीं मेरीला लुगडें नेसविलें व ख्रिस्तजन्म ह्या देशाच्या झाडांखालीं दाखविला. त्याबद्दल स्वतःच्याच समाजांतून त्यांना विरोध सोसावा लागला. १९६७ मध्यें ते वारले तेव्हां त्यांच्या कामाची कीर्ति त्या मानानें थोड्यांनाच ठाऊक होती. लांकडी नागकन्या मंदिरांत खपली, चित्रांतली लुगडें नेसलेली मेरी खपेना! ह्याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं जें बदल समाज नकळत करतो ते त्याला बदल वाटत नाहींत. तोच बदल एखादा मनुष्य नांव-गांव सांगून करूं लागला कीं तो बंडखोर ठरतो. कोर्लईच्या मुलांनीं बेथलेहेमांत होडी ठेवली तेव्हां त्यांना कोणीं अडविलें नाहीं.

आतां शेवटीं ह्या प्रश्नाची अवघड बाजू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६२ ते ६५ ह्या काळांत उपासनेचीं दारें लोकभाषांना उघडलीं, आणि महाराष्ट्रांतील मंदिरांत मराठी प्रार्थना सुरू झाली. मराठीचे अभिमानी म्हणून आम्हांस त्याचा आनंद व्हावा हें साहजिक आहे. परंतु कोर्लईस ‘लोकभाषा’ म्हणून जी आली ती मराठी. तेथल्या लोकांची खरी लोकभाषा मंदिराच्या बाहेर अंगणांतच राहिली. शाळा मराठी, बाजार मराठी, नोकरीसाठीं मुंबई. अशा स्थितींत हजारभर माणसांची बोली किती तग धरणार? आक्रमण नेहमीं परक्या आरमाराचेंच असतें असें नाहीं. कधीं कधीं तें शेजारच्या प्रेमळ भाषेचेंही असतें. ज्या मराठीच्या वाक्यरचनेवर ती बोली तगली, तीच मराठी आतां तिला हळूहळू गिळीत आहे, आणि ह्याबद्दल रागवावें कोणावर?

ह्यावर उपाय म्हणून बोलीचा संग्रह करावा, ध्वनिमुद्रणें करावीं, कोश करावे, असें विद्वान सुचवितात. तें काम अवश्य झालें पाहिजे आणि कांहीं अंशीं झालेंही आहे. परंतु संग्रहालयांतली वस्तु म्हणजे पुन्हा चौलचा चिराच. खरा उपाय कोर्लईच्या लोकांच्या हातीं आहे, आणि तो करावा कीं न करावा हें ठरविण्याचा अधिकारही त्यांचाच. आपल्या मुलांनीं मुंबईंत नोकरी करावी ही त्यांची इच्छा आमच्या कुतूहलापेक्षां कमी किंमतीची नाहीं. आम्हां शेजाऱ्यांना करण्यासारखें एक लहानसें काम मात्र आहे. रायगड जिल्ह्याचा इतिहास शिकवितांना पोर्तुगीजांचें प्रकरण १७४० च्या तहाशीं संपवूं नये. तेथें पोर्तुगीजांचा इतिहास संपतो. ज्या आपल्याच लोकांनीं त्यांच्याकडून एक धर्म व एक शब्दसंग्रह घेऊन त्याचें कांहीं तरी नवें केलें, त्यांचा इतिहास तेथें सुरू होतो.

ह्या वर्षीं विद्यार्थ्यांची सहल आम्ही पुन्हा रेवदंड्यास नेणार आहों. मापें घेण्याच्या फिती बरोबर असतीलच, कारण पडक्या कमानींचाही हक्क आहे. पण आमचा बेत असा आहे कीं आधीं खाडी ओलांडावी, पायथ्याच्या वाडींत जावें, आणि किल्ल्यावर वेळ उरल्यास चढावें. एस. टी. चुकली तर दुसरी मिळेल.